किकच्या पाटीखालचं अक्षर

अण्णांबद्दल चांगलं लिही, असं माझ्या मुलीनं मला बजावलं आहे. मी सांगते आणि ती लिहून घेते, त्यामुळे बजावायचा अधिकार आपल्याला आहे असं तिला वाटतं. मी म्हटलं, चांगलं आठवलं तर सांगीन. माझे वडील वाईट माणूस नव्हते. दारू प्यायचे नाहीत, आईवर कधी हात उगारला नाही, गिऱ्हाइकाला कधी फसवलं नाही. पण आमचं दोघांचं जमलं नाही, आणि ‘जमलं नाही’ हेसुद्धा मी सौम्य सांगते आहे. मला ते समोर नको असायचे आणि त्यांना मी सतत हाताशी लागायची, असा तो संसार होता. मनात मी त्यांना एकेरीच बोलायचे. इथं अहो-जाहो दिसते ती लिहून घेणारीची कृपा.

हे प्रकरण आत्ता आठवायचं कारण माझ्या टेबलावर जुन्या वर्तमानपत्रावर पडलेलं आहे. ड्रमच्या संचात जो सगळ्यात मोठा ढोल जमिनीवर आडवा ठेवलेला असतो, तो पायानं वाजवतात. पायाखाली एक लोखंडी पाटी असते, पाटीच्या पुढच्या टोकाला पट्टा, आणि पट्ट्याच्या ओढीनं एक दांडी पुढे येऊन तिच्या टोकाचा नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, गोळा ढोलावर आपटतो. पाय सैल सोडला की स्प्रिंग त्या दांडीला मागे घेते. या सगळ्या सरंजामाला आमच्याकडे ‘किक’ म्हणतात. टेबलावरची किक मी सतरा वर्षांची असताना जोडलेली आहे. बेलपाड्याचा रोशन ती पंधरा दिवसांपूर्वी घेऊन आला. त्याच्या आजोबांची. आता जुन्या किकना मान आला आहे म्हणे, नव्या हलक्या लागतात. स्प्रिंग तुटली आहे, पट्टा कुजला आहे, बाकी सांगाडा शाबूत आहे. मी तिला वरून तेल पाजलं, गंज खरवडला, पण उलटी करून पाहिलेली नाही. तिच्या पाटीखाली ‘अ’ हे अक्षर ठोकलेलं आहे, आणि ते बघायची मला मुळीच घाई नाही.

आमचं घर पनवेलच्या बाजारामागच्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत अण्णांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, मागे स्वयंपाकघर, आणि दोहोंच्या मध्ये निळ्या चौकडीचा एक पडदा. पडद्याच्या आतल्या अंगाला एक लांब फळी, तिला लोखंड पकडून धरायचा शेगडा जोडलेला, आणि तिथं मी. घरात मशीन-तेलाचा वास इतका मुरलेला होता की आईनं वालाचं बिरडं शिजवलं तरी पहिल्या घासाला तेल लागतंय असं वाटायचं. अण्णा मला नावानं हाक मारत नसत. त्यांच्यासमोर एका मशीनचा रिकामा बिडाचा पाया होता, त्याच्यावर ते छोट्या हातोडीनं ठोकायचे. एक ठोका म्हणजे इकडे ये. दोन म्हणजे झालं की नाही अजून. तीन म्हणजे गिऱ्हाईक आलंय, बाहेर येऊ नकोस. दिवसभर हे चालायचं. शेजारच्या कांदे-बटाटेवाल्याला वाटायचं अण्णा काय मेहनत करतात, सारखी हातोडी चालू. शाळेतल्या मैत्रिणींचे बाप त्यांना बाळ म्हणायचे, ठकी म्हणायचे, कार्टे म्हणायचे. मला ठोका होता.

अण्णांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता, हे या सगळ्याचं मूळ. आधी करंगळी हलायची, मग पंजा, आणि मी दहावीला होते तोवर त्यांना सुईच्या नेढ्यात दोरा तर सोडाच, स्क्रूच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हरही बसवता येईना. ही गोष्ट बाजारात कुणाला कळू द्यायची नाही, असा घरात अलिखित कायदा होता. गिऱ्हाईक आलं की ते उजवा हात मांडीखाली दाबून बसायचे आणि डाव्या हातानं मशीनचं चाक फिरवून आजारी माणसाची नाडी बघितल्यासारखं ऐकायचे. जेवायला मात्र हात बाहेर काढावाच लागे. आमच्याकडे उरणजवळच्या करंज्याच्या कोळणी सुके बोंबील, सुकट घेऊन यायच्या; कालवणाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. आई बोंबलाचा काटा काढून, तांदळाच्या भाकरीचे तुकडे करून त्यांच्या ताटात ठेवायची, आणि अण्णा भिंतीकडे तोंड करून जेवायला बसायचे. आम्ही पाठीमागे बसून त्यांची पाठ बघत जेवायचो. वाटी ताटावर आपटल्याचा बारीक आवाज येत राहायचा. तो आवाज आला की आई मोठ्यानं काहीतरी बोलायला लागायची.

शाळा संपल्यावर मला अलिबागला मास्तरणीच्या कोर्सला जायचं होतं. फॉर्म आणला, भरला, सही तेवढी अण्णांची बाकी होती. मी तो त्यांच्या पुढ्यात ठेवला. चौथ्या दिवशी एक मशीन उचललं तर त्याच्याखाली माझा फॉर्म अंथरलेला, वरून तेल गळून गळून पिवळा पारदर्शक झालेला. माझं नाव, पत्ता, मार्क, सगळं त्यातून खालच्या फळीवर दिसत होतं. मी विचारलं तर म्हणाले, कागद लागला होता. एवढंच. आई मध्ये पडली नाही. ती मला रात्री म्हणाली, त्यांचा हात गेलाय, तुझा तरी त्यांना मिळू दे. म्हणजे माझा हात माझा नव्हताच. त्या दिवसापासून मी अण्णांशी कामापुरतं बोलायचं ठरवलं, आणि हे मी जन्मभर पाळलं. मुलगी म्हणते आहे, आई, एवढं कडू नको. बाळे, फॉर्म तुझा नव्हता.

तर व्यवस्था अशी होती. पुढे अण्णा, पडद्यामागे मी. मशीन आत यायचं, मी खोलायचे, पुसायचे, शटल बदलायचे, टाइमिंग जुळवायचे, आणि बाहेर गेल्यावर गिऱ्हाईक म्हणायचं, अण्णा, तुमच्या हाताला जादू आहे. अण्णा मांडीखालचा हात तसाच ठेवून मान हलवायचे. दुरुस्त झालेल्या प्रत्येक मशीनच्या पोटाखाली अण्णांचं अक्षर ठोकायची रीत होती. त्यासाठी बोटभर लांबीचा पोलादी पंच होता, टोकाला उलटा ‘अ’. पंच धरायला आणि हातोडी मारायला स्थिर हात लागतो, तेव्हा तेही काम माझंच. अशी मी त्यांची सही करत होते, रोज, दिवसातून चार-चारदा. माझ्या फॉर्मवर त्यांनी केली नव्हती ती.

अशात एके दिवशी बेलपाड्याचा हिरामण, म्हणजे रोशनचा आजोबा, गोणपाट खांद्यावर टाकून दुकानात आला. तेव्हा तिथं खारघर शहर वगैरे काही नव्हतं. बेलपाडा म्हणजे भातशेती आणि डोंगर. हिरामणची बेंजो पार्टी होती, पंचक्रोशीत हळद असली की त्याच्या पार्टीशिवाय नाचाला रंग चढत नसे. तो स्वतः ड्रम वाजवायचा. तीन ठोके पडले म्हणून मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. त्यानं गोणपाट उलटं केलं आणि लोखंडाचा ढीग जमिनीवर पडला. मुंबईला बोटी तोडतात तिथल्या भंगारातून त्यानं तो उचलला होता; कुठल्याशा मोठ्या बोटीवरच्या बँडच्या मोडक्या किका. तीन सांगाडे, त्यातला एकही पूर्ण नाही, शिवाय सुटे दांडे, बिजागऱ्या, एक पितळी पाटी, आणि ओळखू न येणारे तुकडे. एकावर विलायती अक्षरं, दुसऱ्यावर जर्मन, तिसऱ्यावर नुसता गंज. यातून मला एक उभी करून द्या, असं त्याचं मागणं होतं. पुतणीची हळद दहा दिवसांवर आली होती आणि त्याची सुताराकडून करून घेतलेली लाकडी किक मोडली होती. अण्णांनी आयुष्यात ड्रम जवळून पाहिला नव्हता. पण नाही म्हणणं त्यांच्या तोंडात नव्हतं, विशेषतः हात हलायला लागल्यापासून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. म्हणाले, पायानं चालतं ना, मग झालं, आमची मशीनंही पायानंच चालतात.

आणि चूक तिथं झाली. शिलाई मशीनचं पायडल मधोमध टेकलेलं असतं. टाच दाबली की बोटं वर, बोटं दाबली की टाच वर, असं ते हेलकावे खातं. अण्णांच्या डोक्यात जन्मभर तेच पायडल. त्यांनी मला सांगितलं, पाटीला मधोमध दोन बाजूंनी भोकं पाड आणि तिथं खीळ ठेव. मी ढिगातले तुकडे एव्हाना उलटसुलट करून पाहिले होते. तिन्ही सांगाड्यांची बिजागरी टाचेशी होती, मध्ये कुठंही नव्हती. तिघा वेगवेगळ्या कारखानदारांनी एकच चूक केली असेल हे शक्य नव्हतं. मी एकदा म्हटलं, बिजागरी मागे असते वाटतं. अण्णा म्हणाले, मला शिकवू नकोस. मग मी गप्प बसले. इथं मला खरं सांगितलं पाहिजे. मी गप्प बसले ती भीतीनं नाही, आदरानं तर नाहीच. मला कळत होतं की हे चुकणार, आणि ते बाजारासमोर चुकावं अशी माझी इच्छा होती. म्हणून मी ती चुकीची किक इतकी सुंदर केली की विचारू नका. भोकं केसाचाही फरक न करता समोरासमोर पाडली, खिळीला तेलाचं भोक ठेवलं, पाटी घासून आरशासारखी केली. अण्णांनी ती पायाखाली घेतली आणि मशीन चालवतात तशी हलवून पाहिली. ठक-ठक, ठक-ठक, एका लयीत. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. फॉर्मच्या प्रकरणानंतर पहिल्यांदा मी ते हसू पाहिलं, आणि तरी मी बोलले नाही.

हिरामण ढोल टमटममध्ये घालूनच आला होता. दुकानासमोर रस्त्यावर त्यानं तो आडवा ठेवला, किक अडकवली आणि स्टुलावर बसून पाय टाकला. पहिला टोला बरा पडला. दुसऱ्याला त्यानं सवयीनं पायाचं ओझं टाचेवर घेतलं, तशी पाटी मागे कलली, पट्टा सैल पडला आणि गोळा मागे येऊन त्याच्या नडगीवर बसला. त्यानं पुन्हा केलं, पुन्हा तेच. कांदेवाला उठून आला, समोरचा शिंपी आला, रिक्षावाले आले. हिरामण नडगी चोळत हसायला लागला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, “अण्णा, मना ढोल वाजवाचा हाय, झंपर नाय शिवाचा.” गल्ली हसली. समोरचा शिंपी तर पोट धरून हसला. त्याची सगळी मशीनं आमच्याकडेच यायची. ज्या हसण्यासाठी मी चार दिवस कानस घासली होती ते हे हसणं, आणि पडद्यामागे मी एकटी त्याचा आनंद घेत होते.

तो आनंद फार टिकला नाही. अण्णा उठले, आणि डाव्या हातानं त्यांनी पडदा सर्रकन बाजूला केला. कोपरापर्यंत काळे हात, कपाळाला ग्रीस, अशी मी उभी होते, आणि बाहेर पाच-पन्नास डोळे.

“मी नाही केलं,” अण्णा म्हणाले. “हिनं केलंय.”

दोन वर्षं बाजारातलं निम्मं काम मी केलं होतं, आणि माझं नाव कधी पडद्याबाहेर आलं नव्हतं. आलं ते या दिवशी. त्यांच्या चुकीला. मला वाटलं हातातला पाना फेकून मारावा. मारला नाही, कारण पाना चांगला होता. आणि शिवाय, कितीही नाही म्हटलं तरी ते खोटं बोलत नव्हते. केलं मीच होतं, जाणूनबुजून केलं होतं. राग येऊन तो ओकताही येऊ नये, याच्यासारखा दुसरा छळ नाही. हिरामणचं हसू मात्र थांबलं. त्यानं किक उचलली, भोकांवरून बोट फिरवलं, माझ्या हातांकडे बघितलं. “पोरी, किक वाजताना कवा बगलीस का?” त्यानं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. “मंग कशी करशील? उद्या दुपारचे बेलपाड्याला ये. आईला घेऊन ये.” अण्णांना त्यानं विचारलंही नाही. अण्णांनीही नको म्हटलं नाही. ते आत येऊन भिंतीकडे तोंड करून बसले, जेवणाची वेळ नसताना.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी एस.टी.नं गेलो, रस्त्यावर उतरलो आणि बांधावरून चालत बेलपाड्यात पोचलो. हळदीच्या घरात बायका वड्यांचं पीठ मळत होत्या, अंगणात पार्टीची तालीम चालू होती. त्यांनी आम्हाला चिंबोरीचं कालवण आणि भाकरी वाढली, पण माझं लक्ष ताटात नव्हतं. मी हिरामणच्या पायाशेजारी जमिनीवर बसले. लाकडी किकला सुतळी बांधून तो कसंबसं वाजवत होता. मी बघितलं की त्याची टाच जागची हलत नाही. घोट्यातून पाय पडतो, आणि पाय वर येण्याआधीच गोळा मागे गेलेला असावा लागतो, नाहीतर ढोलाचा आवाज दबतो. म्हणजे खरं काम दाबण्यात नाही, परत येण्यात आहे. मी विचारलं, स्प्रिंग कडक हवी का नरम? तो म्हणाला, पायाला कळली नाय पायजे. ही एवढीच त्यानं मला दिलेली विद्या. पुढं मी कितीतरी किका जोडल्या, त्या या एका वाक्यावर जोडल्या.

येताना आई बांधावर माझ्या पुढे चालत होती. मागे न बघता म्हणाली, “तुला ठाऊक होतं ना, ते चुकतायत म्हणून?” पुढचा बांध ओलांडून ती म्हणाली, “अगदी त्यांच्यावर गेली आहेस.” आईनं मला आयुष्यात पुष्कळ बोल लावले, पण यासारखा लागला नाही.

मग मी खरी किक केली. सांगाडा विलायती घेतला, पाटी पितळी, टाचेची बिजागरी जर्मन. विलायती आणि जर्मन स्क्रूचे आटे जुळेनात, तेव्हा भोकं मोठी करून नवे आटे पाडले. पट्ट्याला चामड्याचा तुकडा पिठाच्या गिरणीतून आणला. गिरणीचा जुना पट्टा दहा वर्षं ताणून झालेला असतो, तो आणखी ताणत नाही. स्प्रिंगसाठी सायकलच्या स्टँडच्या सात स्प्रिंगा पायाखाली घालून बघितल्या, सातवी पायाला कळली नाही. गोळ्यासाठी दोऱ्याचं लाकडी रीळ घेतलं आणि त्याच्याभोवती मोच्याकडचा नमदा गुंडाळून शिवला. मधली दोन भोकं रिव्हेट ठोकून बुजवली. परवा रोशन विचारत होता, ही भोकं कशाची. म्हटलं, तुझ्या आजोबांच्या विनोदाची. या चार दिवसांत अण्णांनी एकदाही ठोका दिला नाही. पुढच्या खोलीत ते नुसते बसून असायचे, आणि बाजारात त्यांचं नाव झंपरवाले अण्णा पडलं होतं.

आणि फावल्या वेळात मी आणखी एक गोष्ट केली. तुटक्या ड्रिलचं टोक घेतलं आणि कानशीनं त्याच्यावर उलटा ‘श’ कोरला. माझं नाव शालिनी. ‘श’ हे अक्षर कोरायला महा वाईट, त्याची गाठ हमखास तुटते, तिसऱ्यांदा जमलं. तो पंच आईच्या शेगडीत लाल करून तेलात बुडवला, तेव्हा आईनं विचारलं हे काय, आणि बघितल्यावर पुन्हा विचारलं नाही. किक पुरी झाली तशी मी तिला उलटी केली आणि पाटीखाली, जिथं ‘अ’ पडायचा तिथं, ‘श’ ठोकला. चांगला खोल. त्यांनीच जगासमोर सांगितलं होतं ना, हिनं केलंय. मग केलं.

अण्णांनी किक हातात घेतली, पायाखाली घालून पाहिली. मग उलटी केली. अक्षर पाहिलं. उठले, कानस घेतली, किक शेगड्यात धरली आणि ‘श’ घासायला लागले. उजव्या हातानं. दोन वर्षांत मी त्यांना उजव्या हातात हत्यार धरताना पाहिलं नव्हतं. कानस अक्षरावर कमी आणि पाटीवर जास्त चालत होती, सगळीकडे ओरखडे पडत होते. मी समोर उभी राहून पाहत होते. ते म्हणाले, “दुकानावर नाव माझं आहे.”

मी म्हटलं, “हात हलतोय तुमचा. आणा इकडे, मीच पुसते.”

आमच्या घरात त्या हाताबद्दल कुणी शब्द काढत नसे. आईही नाही, डॉक्टरही दबक्या आवाजात बोलायचे. मी ते त्यांच्या तोंडावर म्हटलं, आणि मला ते म्हणताना बरं वाटलं. अण्णांनी कानस माझ्या हातात दिली. मी माझं अक्षर आठ-दहा हातांत साफ घासून टाकलं, कानस फळीवर आपटली आणि स्वयंपाकघरात निघून गेले. थोड्या वेळानं हिरामणचा आवाज आला, आणि बिडाच्या पायावर तीन ठोके पडले. मी गेलेच नसते, पण तरी पडले. रस्त्यावर ढोल वाजला. दम, दम, दम. मोकळा, गोल आवाज, नडगी-बिडगी काही नाही. मी भांडी घासत होते. किकवर ‘अ’ त्यांनी कुणाकडून तरी ठोकून घेतला असणार, शिंप्याकडून, नाहीतर कांदेवाल्याकडून, असं मी धरून चालले. माझा घासून त्यांचा ठोकला, हीच त्या दिवसाची गोष्ट म्हणून मी ती पुढे सांगत आले. नवऱ्याला सांगितली, मुलीला सांगितली, अण्णा गेले तेव्हा समाचाराला आलेल्या बायकांना सांगायलासुद्धा जिभेवर आली होती.

त्यानंतर उरण, पेण, अलिबागहून पार्ट्यांच्या जुन्या किका आमच्याकडे येऊ लागल्या. सहा वर्षं, माझं लग्न होईपर्यंत, मी त्या पडद्यामागे जोडल्या. प्रत्येकीखाली ‘अ’ ठोकला. ‘श’चा पंच सुईदोऱ्याच्या डब्यात टाकून दिला तो कायमचा. अण्णा आणि मी त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात; आमच्याकडे दोन सुंभ होते.

इथवर लिहून झालं होतं, आणि काल रोशन किक न्यायला आला. स्प्रिंग बसवली होती, पट्टा नवा लावला होता, गोळ्याचं रीळ मात्र तेच ठेवलं. त्यानं ती पायाखाली घेतली, दोन-चारदा दाबली आणि म्हणाला, “आजी, पायाला कळतच नाही.” मग कौतुकानं त्यानं ती उलटी केली. मला नको म्हणायला वेळ मिळाला नाही. मी चष्मा लावला. पाटीखाली काही नव्हतं. मी अंगठा फिरवला. वाकडेतिकडे ओरखडे लागले, मधोमध माझ्या आठ-दहा हातांचा गुळगुळीत खळगा लागला, आणि त्यात काही नव्हतं. मी सगळ्या बाजूंनी बघितलं, टाचेखाली, सांगाड्याच्या आत. ‘अ’ कुठंही नव्हता. रोशन म्हणाला, आजोबांनीही अण्णांना विचारलं होतं म्हणे, सगळ्या मशिनींवर तुमचं अक्षर असतं, यावर का नाय? तर अण्णा म्हणाले, हे माझं काम नाही.

हे त्यांनी हात झटकून म्हटलं असेल, की खरं ते म्हटलं असेल? मी त्यांच्याबरोबर जितकी वर्षं काढली त्यावरून सांगते, दोन्ही. माझ्यासमोर त्यांना ते म्हणता आलं नाही, हे मात्र पक्कं. एक ठोका दिला असता तर मी बाहेर आले असते. तीन दिले. तेव्हा मी त्यांना माफ वगैरे केलेलं नाही, हे मुलीनं नीट लिहून घ्यावं. पण पन्नास वर्षं मी एक गोष्ट खोटी सांगत आले, तीही दुरुस्त केली पाहिजे. त्यांनी माझं अक्षर घासायला घेतलं. पुसलं मी. आणि त्या जागी त्यांनी स्वतःचं ठोकलं नाही.

तर काल मी उठले आणि सुईदोऱ्याच्या डब्यातून पंच काढला. थोडा गंजला आहे, पण ‘श’ची गाठ शाबूत आहे. रोशननं किक उलटी धरली. मी डाव्या हातानं पंच खळग्यात टेकवला आणि उजव्या हातात हातोडी घेतली. हे सगळं मुलगी का लिहून घेते, मी का लिहीत नाही, ते आत्ता सांगते. गेल्या वर्षीपासून माझी करंगळी हलायला लागली आहे, आणि आता पंजाही हलतो. हातोडी पंचाच्या डोक्यावर येईना. एकदा ती बाजूला गेली, दुसऱ्यांदा माझ्याच बोटाला लागली.

“आजी, हात हलतोय तुमचा,” रोशन म्हणाला. “आणा इकडे, मीच ठोकतो.”

तो मायेनं म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. मी पंच आणि हातोडी त्याच्या हातात दिली, अक्षराची वरची बाजू कुठली ते दाखवलं, आणि खुर्चीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. पाठीमागे एकच ठोका पडला, आणि जुन्या सवयीनं मी उठून उभी राहिले.